खुर्चीतले खेळाडू

मेरीलँड हे अमेरिकेतलं राज्य खेळांच्या बाबतीत फार हौशी आहे. १९६२ साली त्याने आपला अधिकृत राज्यखेळ ठरवला, तो घोडा भरधाव सोडून टांगलेल्या कड्या भाल्याने टिपण्याचा. पुढे बेचाळीस वर्षांनी, २००४ साली, लॅक्रॉसला अधिकृत सांघिक खेळाचा मान मिळाला. पहिल्या खेळात घोड्याच्या तोंडाला फेस येतो, दुसऱ्यात पालकांच्या.

खात्री करून घ्यायची असेल तर जूनमधल्या एखाद्या शनिवारी सकाळी साडेसातला बाल्टिमोरच्या आसपासच्या मैदानांवर जावं. एकाला लागून एक अशी आठ-दहा मैदानं आखलेली असतात. प्रत्येकाच्या कडेने घडीच्या खुर्च्या, छत्र्या, बर्फाच्या पेट्या आणि तोंडाला सनस्क्रीन थापलेले आईबाप. मैदानात बारा-तेरा वर्षांची मुलं टोकाला जाळी लावलेल्या काठ्या घेऊन पळत असतात. मुलं अधूनमधून हसतात. खुर्च्यांमध्ये कोणी हसत नाही.

खेळ मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. होडेनोशोनी लोकांत मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटी काठी ठेवायची आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर पुरायची, अशी रीत. निर्मात्याला आनंद व्हावा आणि माणसांची दुखणी बरी व्हावीत, म्हणून हा खेळ खेळायचा. १८६७ साली मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने त्याचे नियम लिहून काढले. काठ्यांनी खेळायच्या धसमुसळ्या खेळाचे नियम दातांच्या डॉक्टरने लिहावेत, यात कोणी हितसंबंध शोधू नयेत. चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदरच्या चेंडूपेक्षा थोडासाच हलका. २००३च्या विश्वचषकात शोएब अख्तरने ताशी १६१ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. व्यावसायिक लॅक्रॉसपटूंच्या फटक्याला तो वेग नवा नाही, आणि समोर बॅट घेतलेला फलंदाज नसतो. गोल अडवायला उभा राहिलेला, पुनर्विचाराची वेळ निघून गेलेला एक माणूस असतो.

शाळेतला लॅक्रॉस हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतचा. तेवढ्यावर भागलं असतं तर चिंतेला विशेष वाव राहिला नसता. पण उन्हाळ्यात क्लब असतो, शरदात क्लब असतो आणि थंडीत छपराखालच्या मैदानात पुन्हा क्लबच असतो. क्लबात प्रवेश निवड चाचणीने, म्हणजे ट्रायआउटने. ट्रायआउटचीही फी असते. दीडशे मुलं पाठीवर नंबर चिकटवून धावतात, पाच-सहा प्रशिक्षक हातात पाट्या धरून खुणा करतात आणि मग घरोघर ईमेलची वाट बघणं सुरू होतं. एकाच वयोगटाच्या तीन टीम निघतात : ब्लॅक, गोल्ड आणि व्हाइट. ब्लॅक म्हणजे अव्वल. गोल्ड म्हणजे ब्लॅकमध्ये घ्यायला हवं होतं असं घरच्यांचं मत असलेली मुलं. व्हाइट म्हणजे फी तेवढीच, कोच वेगळा.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या आईबापांना यात बिचकण्यासारखं काही वाटत नाही. चाचणी, अ तुकडी, ब तुकडी, सुट्टीतली जादा बॅच, रविवारची सराव परीक्षा, भिंतीवर लावलेले यशवंतांचे फोटो : हे सगळं त्यांनी लातुरात, नाहीतर पुण्यात, स्वतः सोसलेलं असतं. फरक एवढाच की क्लासमध्ये गणित सोडवणाऱ्या मुलाला आईबाप खिडकीतून ओरडून उत्तर सांगत नसत.

मुलाचं वय काय, हा प्रश्न या मैदानांवर कोणी विचारत नाही. ‘कितीचा?’ असं विचारतात, आणि उत्तर येतं, ‘२०३१’. म्हणजे हा मुलगा २०३१ साली बारावी संपवून शाळेबाहेर पडणार. क्लबांच्या टीम जन्मसालावर नाही, या सालावर बांधलेल्या असतात. कॉलेजचे प्रशिक्षक त्याच सालाच्या हिशेबाने मुलं हेरतात, म्हणून क्लबही तसंच मोजतात. आता साल जन्माचं असतं तर ते बदलायला देव लागला असता. शाळा संपण्याचं साल बदलायला नुसती फी लागते. मुलगा आठवी किंवा नववी पास झाला की त्याला दुसऱ्या, बहुतेक वेळा खासगी, शाळेत पुन्हा त्याच इयत्तेत बसवायचं. अभ्यासात कच्चा म्हणून नव्हे. वर्षभरात तो तीन इंच वाढेल, वजन भरेल, आणि २०३०चा मुलगा २०३१च्या मुलांमध्ये उठून दिसेल, म्हणून.

भारतात हे काम चोरून चालतं, त्यामुळे बीसीसीआयला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचे एक्सरे काढून हाडांवरून वय ठरवावं लागतं. अमेरिकेत एक्सरेची गरज नाही, पालक स्वतःच सांगतात. सगळ्यात गंमत होते ती शेजारच्या खुर्चीवर. तिथे बसलेल्या मराठी बापाच्या पासपोर्टवर गुरुजींनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेला १ जून असतो. आठवी दोनदा केली हे ज्याच्या घराण्यात लग्न जमवताना लपवण्यात आलं, त्याला समोरच्या टीमचा मिसरूड फुटलेला ‘२०३१’चा बचावपटू दाखवून कोणीतरी अभिमानाने सांगतं की त्याने आठवी दोनदा केली. हा गृहस्थ आधी चिडतो. जन्मतारखेवरच टीम बांधाव्यात, असा ईमेल क्लबला पाठवतो. लॅक्रॉसची राष्ट्रीय संस्था यूएसए लॅक्रॉसही वयानुसार गट करा असं बजावत आली आहे, त्याचा तो दाखला देतो. आणि ऑक्टोबरात हळूच एका खासगी शाळेचं माहितीपत्रक मागवतो.

खर्चाचं बोलायचं तर अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट ही संस्था पालकांची पाहणी करत असते. २०१९च्या तिच्या पाहणीत लॅक्रॉसचा सरासरी वार्षिक खर्च मुलामागे १,२८९ डॉलर निघाला होता. आइस हॉकीचा त्याच्या दुप्पट होता, ही तेव्हा लॅक्रॉसवाल्यांची सांत्वनाची बाजू. पण सरासरीत गल्लीतल्या हौशी टीमही येतात. नामांकित क्लबाची नुसती फीच साधारण दोन ते चार हजार डॉलर, हेल्मेट तीनशेच्या घरात, काठी शंभर-दोनशेची आणि ती मुलाच्या मते दर हंगामात जुनी होते. स्पर्धा बहुधा दुसऱ्या राज्यात. तिथे आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांतच उतरायचं, नाहीतर टीमचा प्रवेश रद्द, अशीही अट असते. न्यू जर्सीत ज्याचे सख्खे काका स्पर्धेच्या मैदानापासून दहा मिनिटांवर राहतात, तो मुलगाही हॉटेलात झोपतो आणि काकू डब्यातून थालीपीठ घेऊन पार्किंगमध्ये येतात.

एवढं करून मूल खेळतं किती, हा खरा ज्वलंत प्रश्न. उन्हाळी स्पर्धेतला सामना म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग, आणि घड्याळ थांबवायचं नाही. मधल्या फळीतले तीन-तीन खेळाडू आळीपाळीने आत-बाहेर करतात. तिसऱ्या तुकडीतल्या मुलाची आई मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसते. इंजिनियर बाप असेल तर तो फी, पेट्रोल आणि हॉटेल मिळून मैदानावरच्या मिनिटाला किती डॉलर पडले याचा तक्ता करतो. त्यात एक जात अशी आहे की तिच्या पालकांचा तक्ता बघवत नाही. सामना सुरू होताना आणि प्रत्येक गोलनंतर दोघे समोरासमोर वाकतात, मध्ये चेंडू ठेवतात, शिट्टी वाजली की तो हिसकावतात. त्याला फेसऑफ म्हणतात. हे काम इतकं खास आहे की त्यासाठी वेगळा खेळाडू ठेवतात, आणि तो चेंडू मिळवून दिला की धावत बाहेर येतो. खेळाच्या बोलीत त्याला ‘फोगो’ म्हणतात. फेसऑफ शिकवणाऱ्या स्वतंत्र अकादम्या निघाल्या आहेत, तिथली फी निराळी. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा उन्हात दोन सामने बसून बघतात. नातू आठ वेळा आत गेला, आठ वेळा वाकला आणि आठही वेळा बाहेर आला. आजोबा सुनेला विचारतात, “याला सारखं बाहेर का काढतात गं? काही चुकतंय का त्याचं?”

“बाबा, तो बेस्ट आहे म्हणून काढतात.”

आजोबा यावर काही बोलत नाहीत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना ही पद्धत कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते.

तर हा पैसा कशासाठी? कोणालाही विचारा, उत्तर येतं कॉलेज. शिष्यवृत्ती मिळेल म्हणून. इथे थोडं गणित करायला हवं, कारण क्लबांच्या माहितीपत्रकात ते सापडत नाही. शाळेत लॅक्रॉस खेळणाऱ्या शंभर मुलांतली जेमतेम तीन कॉलेजच्या पहिल्या श्रेणीच्या टीमपर्यंत पोहोचतात. ती पोहोचली तरी २०२५पर्यंतचा नियम असा होता की पुरुषांच्या एका टीमला मिळून १२.६ शिष्यवृत्त्या. महिलांना १२. टीममध्ये मुलं पंचेचाळीस-पन्नास. म्हणजे प्रशिक्षकाने त्या बारा पूर्णांक सहा दशांशांचे तुकडे करून वाटायचे. सरासरीने वाट्याला येणार पाव. ज्या खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास आहे, तिथे पाव ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पण दुसऱ्या इयत्तेपासून क्लबावर घातलेले पैसे कॉलेजच्या ५२९ बचत खात्यात टाकले असते तर, हा विचार ज्या दिवशी बापाच्या मनात येतो, तो दिवस घरात चांगला जात नाही. २०२५ साली शिष्यवृत्त्यांचा हा ठरावीक आकडा गेला आणि टीममध्ये फार तर ४८ मुलं ठेवा, हवी तर सगळ्यांना शिष्यवृत्ती द्या, अशी मर्यादा ज्या कॉलेजांनी नवी व्यवस्था स्वीकारली त्यांना लागू झाली. द्यायला पैसे असले पाहिजेत हे आलंच. अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकाच्या पुढे जी मुलं होती, त्यांच्या आईबापांना मर्यादा या गोष्टीचं महत्त्व नव्याने कळलं.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही मंडळी तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तरी सर्वांत मोठी रांग तिथेच, कारण तिथे पैसे नकोत, दार उघडून हवं असतं. प्रशिक्षकाने नाव पुढे केलं तर प्रवेश समितीत त्याला वजन असतं. या वेडाची हवा इतकी की २०२०च्या शरदात ‘द अटलांटिक’ या प्रतिष्ठित मासिकाने कनेटिकटमधल्या धनिक वस्तीतल्या अशा पालकांवर लांबलचक लेख छापला. कॉलेज प्रवेशासाठी मुलांना तलवारबाजी, स्क्वॉशसारख्या खेळांत जुंपणाऱ्या आईबापांचा तो लेख बराच गाजला. आणि मग मासिकाला तो मागे घ्यावा लागला. लेखातल्या मुख्य आईला एक मुलगा असल्याचं म्हटलं होतं. चौकशी केली तर तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. तिची ओळख झाकण्यासाठी तो घुसडलेला होता. पालकांच्या चिंतेला मुलाची गरज लागत नाही, याचा इतका सज्जड पुरावा यापूर्वी कोणी दिला नव्हता.

एक काळ असा होता की आठवी-नववीतली मुलं कुठल्या विद्यापीठात खेळणार हे तोंडी ठरवून मोकळी होत. आवाज फुटायचा असे, बीजगणित व्हायचं असे, पण कॉलेज पक्कं. एकाने ठरवलं की दुसऱ्याच्या घरी रात्रीची जेवणं कडू. शेवटी प्रशिक्षकांनाच हे असह्य झालं आणि २०१७च्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने नियम केला : अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपर्यंत कॉलेजच्या प्रशिक्षकाने मुलाशी भरतीबद्दल बोलायचं नाही. फोन नाही, ईमेल नाही, मधल्या माणसामार्फत निरोप नाही. नियम शहाणपणाचा होता. त्याने आठवीतल्या मुलांची सुटका केली आणि सगळी चिंता गोळा करून एका रात्रीत भरली.

३१ ऑगस्टच्या रात्री सोळा वर्षांच्या मुलाचा फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेला असतो. पूर्ण चार्ज केलेला. बारा वाजले की प्रशिक्षकांना बोलायची मुभा, आणि ज्यांना मुलगा खरोखर हवा असतो ते बाराच्या ठोक्यालाच फोन किंवा संदेश करतात, हे सर्वांना ठाऊक. म्हणून बारा वाजून एक मिनिटाला फोन न येणं हाही एक निकालच. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं. आई देवापाशी दिवा लावते. बाप वायफाय तपासतो. बारा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजतो, तिघंही उडतात. पुण्याची आत्या. तिथे सकाळचे साडेनऊ, आणि गणपतीचे दिवस.

“अरे, मोदकाचा फोटो पाठवलाय, बघितलास का?”

“आत्या, लाइन मोकळी ठेव!”

आत्याला वाटतं कोणीतरी आयसीयूत आहे. पुढच्या दहा मिनिटांत नाशिकपर्यंत फोन जातात.

एवढ्या सगळ्या काळज्यांमध्ये एक काळजी अशी आहे की जिच्या पाठीशी डॉक्टर उभे आहेत, आणि खुर्च्यांच्या रांगेत तीच सर्वांत कमी ऐकू येते. ती शरीराची. चेंडू छातीवर नेमक्या क्षणी बसला तर निरोगी मुलाचं हृदय थांबू शकतं. त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. म्हणून २०२१पासून मुलांच्या खेळात गोलकीपरला आणि २०२२पासून मैदानातल्या प्रत्येकाला ठरावीक मानकाचं छाती-संरक्षक घालणं सक्तीचं झालं. मुलींच्या खेळात अंगावर धडक देणं नियमाबाहेर, म्हणून हेल्मेट नाही, फक्त डोळ्यांना चष्मा. पण काठी लागायची ती डोक्याला लागतेच. फ्लोरिडाने २०१५मध्ये शाळकरी मुलींना मऊ शिरस्त्राण सक्तीचं केलं तेव्हा जुन्याजाणत्यांनी मोठी ओरड केली की डोकं झाकलं तर मुली जास्त आडदांड होतील. हाच तर्क पुण्यातल्या दुचाकीस्वारांना हेल्मेटबद्दल सुचला नाही हे नवल. त्यांना बाकी सगळे सुचले होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की आठवड्यातून निदान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने मुलाला त्याच्या खेळातून सुट्टी द्या. हे पत्रक क्लबाच्या वेळापत्रकाशेजारी फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं. वेळापत्रकात बारा महिने भरलेले.

पंचांचे हाल वेगळेच. अमेरिकेतल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाचा हिशेब असा की २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत सर्व खेळ मिळून सुमारे पन्नास हजार पंच सोडून गेले. कोविड होताच, पण पालकांच्या तोंडाचंही कारण त्यात दिलं जातं. बहुतेक क्लबांत चोवीस तासांचा नियम असतो : सामना संपल्यावर चोवीस तास पालकाने प्रशिक्षकाशी तक्रारीचा शब्द काढायचा नाही, डोकं निवू द्यायचं. प्रशिक्षकांचा अनुभव असा की रविवारी चारला सामना संपला की सोमवारी चार वाजून एक मिनिटाने ईमेल येतो. डोकं निवलेलं नसतं, पण व्याकरण सुधारलेलं असतं. काही युवा फुटबॉल लीगमध्ये तर एखाद्या शनिवारी पालकांना लॉलीपॉप वाटतात, म्हणजे तोंड गुंतलेलं राहतं.

आणि मुलं? अ‍ॅस्पेनच्याच त्या पाहणीत दिसलं होतं की सरासरी मूल एखादा खेळ तीन वर्षंही खेळत नाही आणि अकराव्या वर्षापर्यंत सोडून देतं. त्यावरून २०१९मध्ये ईएसपीएनबरोबर एक जाहिरात केली गेली : एक चिमुरडा मायक्रोफोनपुढे बसून पत्रकार परिषदेत आपली खेळातून निवृत्ती जाहीर करतो. जाहिरात विनोदी म्हणून केली होती. मेरीलँडमधल्या अनेक घरांत ती टीव्हीवर लागली की बाप चॅनल बदलत असे.

प्रशिक्षक कुठल्याही क्लबाचा असो, ब्लॅकचा असो वा व्हाइटचा, एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. या खेळात हात बसवायचा तर भिंत हवी. रोज अर्धा तास भिंतीवर चेंडू मारायचा, परतलेला जाळीत झेलायचा, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. थोर खेळाडूंच्या बालपणात अशी एखादी भिंत असतेच. भिंत फी घेत नाही, कोणाला व्हाइट टीममध्ये टाकत नाही, तिला हॉटेलही लागत नाही. पण भिंतीचं नाव कोणत्याही यादीत पहिल्या दहात नसतं, त्यामुळे तिच्यावर पालकांचा विश्वास बसत नाही. शिवाय घराच्या भिंतीवर चेंडू मारला की सायडिंगला खळगे पडतात आणि सोसायटीचं पत्र येतं. म्हणून दोनशे डॉलरची, चेंडू परत फेकणारी जाळी आणून परसात उभी करतात. पहिल्या बर्फापर्यंत ती टिकते.

आता नवा विषय निघाला आहे. १९०८नंतर लॅक्रॉस पदकाच्या खेळांत परत येतो आहे, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये. ज्या होडेनोशोनींनी हा खेळ जगाला दिला, त्यांच्या स्वतंत्र टीमला मात्र तिथे सहज जागा नाही, कारण त्यांची स्वतःची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही. खेळाचे मूळ मालकच वेटलिस्टवर आहेत हे कळल्यावर गोल्ड टीमच्या पालकांना जरा बरं वाटलं. पण मग कोणीतरी ऑलिंपिकचे नियम पालकांच्या ग्रुपवर टाकले. दहा जणांचा पुरुषांचा खेळ तिथे होणार नाही. ‘सिक्सेस’ होणार : छोटं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार डाव, टीममध्ये बारा जण आणि एका वेळी आत फक्त सहा.

पाच मिनिटं ग्रुपवर शांतता होती. मग फोगोच्या आईने विचारलं, “बाकीच्या चौघांची फी कमी होणार का?”